हजेरीपटावरचा फुटबॉल

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला खेळाच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली. कबड्डी खेळते. संध्याकाळी तिची आई पेढे घेऊन घरोघरी फिरली, आम्ही चार-पाच जण त्यांच्याकडे जमलो, वेलचीचा आणि नव्या चादरींचा वास, टीपॉयवर नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स. तिच्या गुडघ्यावरची जुनी खूण दिव्याच्या उजेडात चकाकत होती. तेवढ्यात नात्यातले एक काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, सुटलीस एकदाची. आता खेळ पुरे." बोलण्यात माया होती, खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ती हसली, वाकून नमस्कार केला. मी पेढा हातात धरून बसले आणि तो शब्द घशाखाली उतरेना. 'सुटलीस' म्हणजे कशातून? जिच्या जोरावर पत्र आलं, ती गोष्ट पत्र आल्याबरोबर संपते, असं आपण किती सहज धरून चालतो. नोकरी हे खरं आयुष्य आणि खेळ म्हणजे तिथवर पोचवणारी गाडी. स्टेशन आलं की उतरायचं.

त्या रात्री मला देजॉनच्या रेल्वे टीमची आठवण झाली. दक्षिण कोरियाच्या रेल्वे कंपनीची, कोरेलची, एक फुटबॉल टीम आहे. तिच्याबद्दल मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचत आले आहे, जुने सामने शोधून पाहत आले आहे. मी कोरियाला गेलेले नाही, तिथली भाषा मला येत नाही. पण मी रेल्वे कॉलनीत वाढले, आणि रेल्वेची टीम म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

भुसावळला आमच्या क्वार्टरपासून मैदान जवळ होतं. संध्याकाळी लोकोवाले विरुद्ध ट्रॅफिकवाले असे सामने व्हायचे. वडील गार्ड, ड्युटीवरून आले की आंघोळ करून, केस ओले असतानाच, मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचे. मैदानाची माती काळी आणि उन्हाळ्यात तडकलेली, गोलमागे इन्स्टिट्यूटची भिंत, आणि यार्डातून शंटिंगचे धक्के अधूनमधून ऐकू यायचे. एक फिटर काका होते, त्यांच्या नखांतलं काळं कधी जायचं नाही, पण डाव्या पायाने असा बॉल उचलायचे की बायकासुद्धा भाजी निवडायची थांबवून बघायच्या. हाफ टाइमला एखादा खेळाडू गायब व्हायचा, कारण ड्युटीचा निरोप देणारा कॉल बॉय त्याचं नाव घेऊन आलेला असायचा. उरलेले दहा जण खेळत राहायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गाडी आधी, मग गोल. मला मात्र लहानपणी त्या गेलेल्या माणसाचं फार वाईट वाटायचं, आणि अजूनही त्याचं उत्तर मला धड देता येत नाही: त्याने काय गमावलं, की दोन्ही गोष्टी त्याच्याकडे होत्या म्हणून तो श्रीमंत होता?

देजॉन कोरेलची सुरुवात १९४३ ची. हे साल वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच अडखळले. १९४३ मध्ये कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि युद्ध ऐन भरात होतं. कोरियन लोकांचा स्वतःचा क्रीडा संघ १९३८ मध्येच मोडीत काढलेला. १९४० पासून लोकांना आपली नावं जपानी करून घ्यायला भाग पाडलं जात होतं. आणि अशा वेळी जोसॉन रेल्वे या नावाने (जोसॉन हे कोरियाचं जुनं नाव) एक फुटबॉल टीम उभी राहते. ज्या रेल्वेच्या नावाने ती उभी राहिली, ती रेल्वे गव्हर्नर-जनरलच्या सरकारची. तिच्याच रुळांवरून तांदूळ बंदरांकडे जात होता, सैन्य मांचुरियाकडे जात होतं, आणि खाणी-कारखान्यांत राबवायला नेलेली कोरियन माणसं बुसानपर्यंत येऊन तिथून जहाजाने जपानला पाठवली जात होती. त्या रुळांवर राबणारे कोरियन कामगार त्याच सरकारचे पगारी नोकर होते, आणि त्यांच्या देशात उरलेल्या मोजक्या आनंदांपैकी एक फुटबॉल होता. त्या टीमकडे मी कोणत्या नजरेने बघू? साम्राज्याच्या खात्यात जन्मली म्हणून तिचा राग करू, की तशा काळातही माणसांनी बॉल सोडला नाही म्हणून तिला जवळ घेऊ? माझ्या मनात दोन्ही एकदम येतं, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आपल्याकडेही रुळांचा जन्म काही वेगळा नाही. भुसावळ हे गाव म्हणून मोठं झालं ते ब्रिटिशांच्या कंपनीने तिथे फाटा काढला म्हणून, आणि ज्या इन्स्टिट्यूटच्या भिंतीला टेकून मी सामने पाहिले ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या करमणुकीसाठी होती. माझ्या वडिलांनी कधी तो विचार केला असेल असं वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने ते आमचं मैदान होतं.

कोरियन लोकांनी मात्र हा विचार अगदी जाहीरपणे केला. तिथे रेल्वे दिन कितीतरी वर्षं १८ सप्टेंबरला साजरा व्हायचा, कारण १८९९ मध्ये त्या दिवशी सोलजवळच्या नोऱ्यांगजिन ते इंचॉन ही देशातली पहिली आगगाडी धावली. ती लाइन जपानी कंपनीने पुरी केलेली. म्हणून २०१८ मध्ये तो दिवस बदलून २८ जून केला. १८९४ मध्ये जोसॉनच्या राजाच्या सरकारने स्वतःचं रेल्वे खातं स्थापन केलं, तो हा दिवस. तेव्हा त्या खात्याकडे एक हातभर रूळसुद्धा नव्हता. गाडी नसलेल्या खात्याचा दिवस पाळायचा आणि धावलेल्या गाडीचा सोडायचा, हा निर्णय मला मनापासून पटतो. आपलं म्हणून सांगायला काहीतरी असावं, मग ते कागदावर का असेना. पण टीमचं काय करणार? तिला १९४३ पेक्षा मागे नेता येत नाही. ती तशीच आहे, कोरियातल्या आज खेळणाऱ्या फुटबॉल टीमांत सगळ्यांत जुनी म्हणून ओळखली जाते, आणि ज्या प्रजासत्ताकात ती खेळते त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी.

टीम जन्मली तेव्हा बुसानहून गाडीत बसलं की सोल, प्योंगयांग करत थेट चीनच्या सरहद्दीपर्यंत जाता यायचं. सोल आणि प्योंगयांग या दोन शहरांमधले फुटबॉल सामने १९२९ पासून गाजत होते. शेवटचा झाला १९४६ मध्ये. त्यानंतर उत्तर-दक्षिण अशी फाळणी होऊन तो रस्ताच उरला नाही. रेल्वेच्या माणसाला हे कसं वाटलं असेल, हे मी नेहमी मनाशी घोळवते. इतर लोकांसाठी देश तुटला. त्याच्यासाठी वेळापत्रकातली अर्धी पानं कोरी झाली. २००७ च्या मे महिन्यात सीमेपलीकडे एकदा चाचणीची गाडी गेली, त्याच वर्षी डिसेंबरपासून जेमतेम वर्षभर मालगाड्या उत्तर कोरियातल्या केसाँगच्या दिशेने धावल्या, आणि पुन्हा सगळं बंद.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोरियाचं पथक निघालं ते सोल स्टेशनवरून, आगगाडीने बुसानला. पुढे जहाज, मग विमानं: जपान, शांघाय, हाँगकाँग, बँकॉक, कलकत्ता, मुंबई, कैरो, रोम. सुमारे तीन आठवड्यांचा प्रवास. मुंबईत त्या मुलांनी पावसाळी जुलैची दमट हवा हुंगली असेल, एवढंच मी कल्पू शकते. लंडनला त्यांच्या फुटबॉल टीमने मेक्सिकोला ५-३ हरवलं आणि मग स्वीडनकडून १२ गोल खाल्ले. त्याच ऑलिंपिकमध्ये आपली टीम, बरेच जण अनवाणी, फ्रान्सकडून १-२ अशी हरली. दोन नवे देश, दोन्हीकडच्या पायांत प्रवासाचा शीण.

पुढे १९६२ साली जाकार्ताच्या एशियाडमध्ये हे दोघे अंतिम सामन्यात समोरासमोर आले. भारताने २-१ ने सुवर्ण जिंकलं, आणि त्यातला पहिला गोल मारला पी. के. बॅनर्जींनी. हा माणूस ईस्टर्न रेल्वेचा नोकर. मोहन बागान नाही, ईस्ट बंगाल नाही, जवळजवळ उभी कारकीर्द रेल्वेत. त्यांच्या ईस्टर्न रेल्वेने १९५८ मध्ये कलकत्ता लीग जिंकली होती. कलकत्त्याच्या बड्या क्लबांना असं कुणी हात लावल्याचं त्यानंतर थेट २०१९ मध्ये घडलं, पीअरलेस या क्लबने ती जिंकली तेव्हा. १९६१-६२ ची संतोष ट्रॉफी रेल्वेने जिंकली तीसुद्धा मुंबईला हरवून. वडील हे सगळं पाठ असल्यासारखं सांगत. त्यांच्या लेखी पी. के. हे आधी रेल्वेवाले आणि नंतर ऑलिंपिकचे कप्तान. आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. २०१५ पासून नोकरीत. त्याला कुणी "सुटलास, आता पुरे" म्हटलं असेल का? म्हटलं असलं तरी त्याने ऐकलं नाही, हे आपलं भाग्य.

कोरियात १९८३ पर्यंत धंदेवाईक लीगच नव्हती. फुटबॉल खेळायचा तो बँकेसाठी, वीज कंपनीसाठी, सैन्यासाठी, रेल्वेसाठी. खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असायचे. पाय थकले की टेबल मिळायचं. युद्धातून उठलेल्या गरीब देशात याचा अर्थ फार मोठा होता. एखाद्या आईने पोराला बॉलमागे धावू द्यायचं धाडस केलं असेल, ते शेवटी कुठेतरी पगार आहे म्हणूनच. मग १९८३ ची सुपर लीग आली, पैसा आला, दूरदर्शन आलं, आणि कंपन्यांच्या टीमा हळूहळू दुसऱ्या रांगेत सरकल्या. २००३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी लीग सुरू झाली, तीच पुढे नॅशनल लीग. रेल्वे तिथे २००५ मध्ये विजेती ठरली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी सरकारी रेल्वे खात्याचं महामंडळ झालं होतं आणि कोरेल हे नाव नवंकोरं होतं. पुन्हा जिंकायला सात वर्षं लागली, २०१२.

त्या लीगमधली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. २००६ मध्ये गोयांगची कुकमिन बँकेची टीम जिंकली आणि तिला वरच्या लीगचं दार उघडं होतं. ती गेली नाही. पुढच्या वर्षी उल्सानच्या ह्युंदाई मिपो जहाजबांधणी कारखान्याची टीम जिंकली, तीही गेली नाही. पुष्कळांनी त्यांना भित्रे म्हटलं. शिडी ठेवलेली असताना पायरी चढत नाही तो कसला खेळाडू, हा युक्तिवाद मला समजतो. लहान मुलाला खेळ समजावताना आपण हेच सांगतो की जिंकलास तर वर जाशील. पण निर्णय मैदानावर झाला नव्हता, तो कंपनीच्या ताळेबंदात झाला होता, आणि शिक्षा मात्र खेळणाऱ्यांच्या पदरात पडली. पुढे २०१२ च्या अखेरीस कुकमिन बँकेची टीम बंद झाली. २०१६ च्या अखेरीस मिपोची. एवढ्या वेळा जिंकलेल्या टीमा, एका बैठकीत संपल्या.

रेल्वेची टीम टिकली. का टिकली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, ती कधी कुणाच्या डोळ्यांवर आली नाही हे एक कारण असावं. आणि दुसरं, रेल्वेसारख्या खात्याला जुन्या गोष्टी मोडीत काढण्यापेक्षा त्यांना नवा क्रमांक देऊन चालू ठेवायची सवय असते.

२०१४ मध्ये टीम इंचॉनहून देजॉनला आली. पहिली गाडी जिथे पोचली त्या शहरातून ती निघाली, आणि गाडीनेच वसवलेल्या शहरात आली. १९०५ मध्ये सोल-बुसान लाइन सुरू झाली तेव्हा देजॉन नाव घेण्याजोगं नव्हतं. १९१४ मध्ये होनाम लाइन तिथून फुटून मोक्पोपर्यंत गेली, आणि १९३२ मध्ये प्रांताचं सरकारी मुख्यालय जुन्या गोंगजूहून उचलून देजॉनला आणलं. भुसावळच्या माणसाला हे वाचताना आपल्याच गावाची कुंडली वाचल्यासारखं होतं. होनाम लाइनवर जाणाऱ्या गाड्यांना देजॉनला इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. तेवढ्या मिनिटांत प्रवासी खाली उड्या टाकत आणि फलाटावर उभ्या-उभ्या वाफाळत्या जाड नूडल्सचं सूप ओरपत, एक कान इंजिनाच्या शिट्टीकडे ठेवून. या गाराक-गुक्सूची आठवण काढून तिथली म्हातारी माणसं अजून हळवी होतात. स्टेशनसमोरच १९५६ मध्ये, उत्तरेकडून जीव वाचवून आलेल्या एका निर्वासित कुटुंबाने, चर्चमधून मिळालेल्या पिठाच्या दोन पोत्यांवर वाफवलेल्या पावांची टपरी टाकली. तीच आज देशभर नावाजलेली सॉंगशिमदांग बेकरी. आता स्टेशनच्या मागे रेल्वेच्या मुख्यालयाचे दोन उंच जुळे मनोरे उभे आहेत, २००९ पासून. टीम त्यांच्या पाठोपाठ आली. बदली झालेल्या बापामागून कुटुंबाने यावं तशी.

आणि मग आलं २०१९.

कोरियाच्या एफए कपमध्ये लहानमोठ्या सगळ्या टीमा उतरतात. एप्रिलमध्ये कोरेलची गाठ उल्सान ह्युंदाईशी पडली. त्या वर्षी लीगच्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत विजेतेपद ज्यांच्या हातात होतं, ते हे उल्सान. रेल्वेने त्यांना २-० हरवलं. पुढे सोल ई-लँड. जुलैमध्ये पहिल्या श्रेणीचं गांगवॉन, पुन्हा २-०. उपांत्य फेरीत संगजू सांगमू, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेतल्या नावाजलेल्या खेळाडूंची टीम. तिच्याशी पहिली लढत झाली १८ सप्टेंबरला, म्हणजे जुन्या रेल्वे दिनी. दोन लढतींनी निकाल लागला नाही आणि पेनल्टीवर रेल्वे जिंकली. त्याच दिवसांत दुसऱ्या उपांत्य फेरीत ह्वासाँग या चिमुकल्या टीमने सुवॉनसारख्या बलाढ्य क्लबला पहिल्या लढतीत १-० हरवलं होतं. परतीच्या लढतीत यॉम गी-हुनने तीन गोल मारले तेव्हा कुठे सुवॉनचा जीव भांड्यात पडला. नॅशनल लीगमधली टीम कपच्या अंतिम फेरीत पोचायची ही दुसरीच वेळ होती. आधी २००५ मध्ये मिपो पोचली होती. त्यात नॅशनल लीगचं हे शेवटचंच वर्ष. शहराचा धंदेवाईक क्लब, देजॉन सिटिझन, तेव्हा दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी रखडत होता. म्हणजे देजॉनच्या लोकांना अंतिम सामना दाखवला तो रेल्वेने.

पहिली लढत ६ नोव्हेंबरला, बुधवारी संध्याकाळी, देजॉनच्या हानबात स्टेडियमवर. ०-०. मी हा सामना पुढे कितीतरी उशिरा पाहिला, निकाल माहीत असताना, आणि तरीही शेवटची दहा मिनिटं माझे तळवे ओले होते. गोल नसलेल्या सामन्यात काय पाहायचं, असं घरात विचारलं गेलं. मी पाहत होते ती बचावाची रांग. सुवॉनचा हल्ला एका बाजूने आला की ती सगळी माणसं एकाच वेळी तेवढंच सरकत; कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. रोज एकाच वेळी हजेरी लावणाऱ्या माणसांची ती लय मला ओळखीची वाटली. नॅशनल लीगचे पगार आणि सुवॉनचे पगार यांची तुलना करायलाही नको. पण त्या नव्वद मिनिटांत देशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या क्लबांपैकी एकाला रेल्वेने गोल करू दिला नाही.

चार दिवसांनी सुवॉनला परतीची लढत. ४-०. को सुंग-बॉमचे दोन, किम मिन-वूचा एक, आणि यॉम गी-हुनचा एक. सुवॉनने पाचव्यांदा कप जिंकला. यावर फार लिहावंसं वाटत नाही. चांगली टीम जिंकली.

आता ते हानबात स्टेडियमही राहिलेलं नाही. १९६४ पासूनचं ते मैदान २०२२ मध्ये पाडलं आणि त्या जागी बेसबॉलचं देखणं नवं स्टेडियम उभं राहिलं, २०२५ मध्ये सुरूही झालं. तिथे गर्दी होते, आणि शहराने गर्दीच्या बाजूने कौल दिला यात अन्याय आहे असं मला म्हणवत नाही. पण वाईट वाटतंच. टीम २०२० पासून तिसऱ्या श्रेणीच्या के-थ्री लीगमध्ये खेळते. त्या लीगचा नकाशा मला फार आवडतो. त्यात मोक्पो आहे, होनाम लाइनचं शेवटचं स्टेशन. त्यात बुसानच्या मेट्रो कंपनीची स्वतःची टीम आहे, म्हणजे रुळांवरच्या दोन कंपन्या वर्षातून समोरासमोर येतात. ग्योंगजूची अणुवीज कंपनीची टीम आहे. प्रेक्षक थोडे असतात, पण जे येतात ते नावानिशी ओळखत असतात, असं चित्रफितींवरून तरी वाटतं. कुणी चुकलं तर ओरडण्यात रागापेक्षा घरचेपणा जास्त.

या सगळ्यात एक माणूस मला फार मोठा वाटतो. किम सुंग-ही. १९९० मध्ये खेळाडू म्हणून रेल्वेच्या टीममध्ये आला आणि मग गेलाच नाही. खेळाडू, मग प्रशिक्षक, मग मुख्य प्रशिक्षक. सरकारी खात्याचं महामंडळ झालं, टीमचं नाव बदललं, शहर बदललं, लीग मोडून नवी झाली, हा माणूस तिथेच. २०१९ च्या त्या अंतिम फेरीत टीमच्या बाकावर तोच होता. पस्तीस वर्षं एका कंपनीच्या टीमला देणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे लोक हळहळतील, म्हणतील मोठ्या क्लबात गेला असता तर नाव झालं असतं. मला त्याच्याबद्दल हळहळ वाटत नाही. काकांना जे सांगायला हवं होतं ते मला तेव्हा पेढा हातात धरून सुचलं नाही, पण त्यांना मी या माणसाची हकीगत सांगणार आहे, आणि त्या मुलीलाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्याला कोरियाच्या फुटबॉल संघटनेत कार्यकारी संचालकाच्या खुर्चीवर नेमलं. नेमणुकांमागे राजकारण असतं, त्या संघटनेवर तेव्हा बरीच टीकाही चालू होती, आणि या खुर्चीत त्याच्या वाट्याला शिव्याच जास्त येतील अशी मला भीती वाटते. तरी मला आनंद झाला, कारण के-थ्री आणि त्यावरची श्रेणी यांच्यात चढ-उताराची वाट उघडायचं काम तेव्हा तिथे चालू होतं. जिंकूनही वर न जाणाऱ्या कंपन्या त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या बंद पडल्यावर विशी-पंचविशीतल्या पोरांचं काय होतं, तेही. नियम लिहिताना कंपनीच्या टीमांना कुठे बसवायचं, त्यांना वर यायची सक्ती करायची की जिथे आहेत तिथे मानाने खेळू द्यायचं, हे प्रश्न त्याच्या टेबलावर येणारच. माझं मत विचाराल तर कोरेलला कुणी ढकलू नये. जिंकले आणि जावंसं वाटलं तर जावं, आणि त्या दिवशी रेल्वेने हिशेबाची वही बाजूला ठेवून त्यांना पाठवावं.